सात मण्यांची शिंक

यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, पण एक अख्खं गाव मी नाकाने वाचवलं आहे. बुद्धीने नाही, बळाने नाही, नाकाने. हेच ते नाक. जरा मोठं आहे, ते त्यासाठीच.

हे वाक्य मी गेल्या बावीस वर्षांत हजार वेळा तरी टाकलं असेल. बागेतल्या बाकावर, डॉक्टरकडच्या रांगेत, एकदा तर स्मशानात, लाकडं ओली होती आणि लोक कंटाळले होते म्हणून. पण ज्या गावाला मी वाचवलं त्या ढवळसरमध्ये ते टाकायचं राहूनच जायचं. काही ना काही निमित्त व्हायचं. परवा मात्र योग आला. माझ्या भाचीच्या मुलीची, रेवतीची सुपारी फुटायची होती. मुलाकडचे पाहुणे आमच्या हिंगणमाळहून निघालेले, त्यांची गाडी वाटेत चार्जिंगला अडकलेली. ओट्यावर दहा-पंधरा माणसं, ऊन डोक्यावर, पोह्यांच्या पराती झाकून ठेवलेल्या आणि कुणाला बोलायला विषय नाही. अशा वेळी माझ्याच्याने गप्प बसवत नाही.

"झालं, मामा सुरू झाले," रेवती म्हणाली. नवरी मुलगी, पण बोलणं असं की पुढच्याने दोन पावलं मागे सरावं. या गावात लहानथोर सगळे मला मामाच म्हणतात. माझी धाकटी बहीण अनसा इथली सून, म्हणून मी गावाचा मामा. अनसा खांबाला टेकून विड्याची पानं ओल्या फडक्याने पुसत होती. तिने वर पाहिलं नाही.

"तुला हसायचं तर हस," मी म्हटलं, "पण तू जन्मलीस ती माझ्या शिंकेमुळे."

"मामा, पाहुणे आल्यावर असलं काही बोलू नका."

पलीकडे बसलेल्या म्हाताऱ्यांना चहाचा ठसका लागला. आता त्यांना ऐकणं भाग होतं.

तर मंडळी, साथींशी आमच्या घराण्याची जुनी ओळख. प्लेगात माझे खापरपणजोबा माळावर झोपडी घालून राहिले. गावातल्या घरांची कौलं उतरवून ठेवली होती, आत ऊन पडावं म्हणून. मानमोडी आली अठरा साली, मागच्या शतकातल्या, तेव्हा पणजोबांचा भाऊ सकाळी नांगराला गेला आणि संध्याकाळी त्याला आणायला चौघे गेले. माझ्या आत्याच्या तोंडावर देवीचे वण होते. कोरोनात मी स्वतः थाळी वाजवली आहे, थाळी अजून आहे, पोचे दाखवीन. युरोपात म्हणे साथीच्या भीतीने जहाजं चाळीस दिवस बंदराबाहेर उभी करायचे. आणि देवीची पहिली लस मुंबईला कशी आली ठाऊक आहे? बसऱ्याहून जहाजातून, माणसांच्या दंडावरून. एकाच्या दंडावर फोड आला की त्यातलं पाणी दुसऱ्याच्या दंडाला लावायचं, तो पिकला की तिसऱ्याच्या. बर्फ नव्हता, बाटली नव्हती. मुंबईत उतरल्यावर ती एका तीन वर्षांच्या पोरीला टोचली आणि तिच्या हातावरून पुढे सगळ्या देशात गेली.

"हे मात्र खोटं," कुणीतरी म्हणालं.

हा माझा नेहमीचा अनुभव आहे. मी सांगितलेलं जे शंभर टक्के खरं असतं, तेवढंच लोकांना पटत नाही.

आता गाड्याचं सांगतो, कारण सगळं त्यावर अडलं होतं. पूर्वी पटकीची साथ आली की गावोगाव मरीआईचा गाडा करायचे. हातभर लांबीचा लाकडी गाडा, त्यात देवीची मूर्ती, हिरवं लुगडं, बांगड्या, लिंबं. तो वाजतगाजत शिवेवर न्यायचा आणि पुढच्या गावाच्या हवाली करायचा. त्या गावाने ओटी भरून घ्यायचा आणि त्याच्या पुढच्या शिवेवर पोचवायचा. अशी आई साथ घेऊन गावामागून गाव ओलांडत निघून जायची. नियम एकच. आधी निरोप द्यायचा. न सांगता गाडा लोटला तर आई त्या गावात मुक्काम करते.

आणि दीडशे वर्षांपूर्वी आमच्या हिंगणमाळने तो न सांगता लोटला. माझे पणजोबा त्यात पुढे होते. ढवळसरची माणसं सकाळी उठून पाहतात तर बाभळीखाली गाडा उभा. त्या पंधरवड्यात इथे एक्केचाळीस माणसं गेली. खरं कारण ओढा. आमचं गाव वरच्या अंगाला, तुमचं खालच्या, आणि पाणी एकच. पण पटकी पाण्यातून येते हे तेव्हा दोन्ही गावांत कुणाला सांगणार? ढवळसरने शपथ घातली. हिंगणमाळशी रोटी नाही, बेटी नाही.

ती शपथ मोडली या बाईने. मी अनसाकडे बोट केलं. ढवळसरच्या एसटी मेकॅनिकबरोबर निघून गेली. मी थोरला भाऊ. मी काय केलं? तिच्या नावाने अंघोळ केली. विहिरीवर, चारचौघांत, डोक्यावरून. सव्वीस वर्षं मला बहीण नव्हती.

अनसा पानं पुसत होती.

"थंड पाण्याने का गरम?" रेवतीने विचारलं.

"थंड. म्हणून तर नाक तयार झालं."

लोक हसले. गोष्ट परत माझ्या हातात आली.

सदतीस साली मुकी आली. तुमच्यातल्या पोरांना ती पुस्तकातली. आधी ताप, दुसऱ्या दिवशी वाचा जाते, चौथ्या दिवशी श्वास. घरात एकजण बोलायचा थांबला की बाकीचे पण गप्प व्हायचे, आपला आवाज आहे की गेला हे तपासायची भीती वाटायची म्हणून. दिल्लीला कारखान्यांनी सांगितलं, आठ महिन्यांत लस देतो. मुकीला आठवडा पुरत होता.

मी त्या वेळी पुण्यात एका संशोधन संस्थेत होतो.

"शास्त्रज्ञ?"

"त्यांच्या बाटल्या धुवायला. तीस वर्षं. बाटली नीट धुतली नाही तर कसला शोध आणि कसलं काय." आमच्या विभागाच्या केळुसकर मॅडम. बुटक्या, बोलायला तुटक, सबंध इमारत त्यांना घाबरायची. त्यांनी जे केलं ते मी तुम्हाला बाटलीवाल्याच्या भाषेत सांगतो. विषाणूला स्वतःचं असं फार काही नसतं, एक अंगरखा आणि आत इवलीशी चिठ्ठी. आपलं शरीर त्याला अंगरख्यावरून ओळखतं. मॅडमनी साध्या पडशाचा विषाणू घेतला आणि त्याला मुकीचा अंगरखा शिवला. वरून मुकी, आतून पडसं. तो नाकात शिरला की तुम्ही तीन दिवस शिंकता, तेवढ्यात शरीर अंगरखा पाठ करायला लागतं. मग खरी मुकी आली तर तिला दारातच गचांडी. याला सुई नको, बर्फ नको, कारखाना नको. एकाने शिंकायचं आणि दुसऱ्याने पुढ्यात उभं राहायचं. देवीची लस दंडावरून दंडावर आली, ही नाकातून नाकात.

"आणि ते पडसंच जगभर सुटलं आणि वाटेत बिघडलं तर?" रेवती. पोरगी नर्सिंगला आहे, प्रश्न बरोबर जागी विचारते.

"म्हणून तर मणी. त्या चिठ्ठीला सात तुकडे जोडलेले, एकामागे एक, माळेसारखे. प्रत्येक तुकडा पुढच्याची नक्कल करतो, स्वतःची करू शकत नाही. त्यामुळे एका माणसातून दुसऱ्यात जाताना टोकाचा एक मणी मागे राहतो. सात, सहा, पाच. शेवटचा गळला की पुढे उरते ती नुसती शिंक, रुमाल काढून पुसून टाकायची." नाकात कागदाची पट्टी फिरवायची, जितक्या रेघा उमटतील तितके मणी.

त्या उन्हाळ्यात माणसाची पत मण्यांवर ठरायची. सहा मणीवाल्याला लग्नाचं आग्रहाचं आमंत्रण, अक्षता टाकायला अगदी पुढे उभा करायचे. एक मणीवाला आला तर पत्रावळ शोधायला वेळ लागायचा. आमच्या शेजारी सासूसुनेचं वर्षभर बोलणं बंद होतं. सून माहेराहून पाच मण्यांचं पडसं घेऊन आली, तर सासूने दार उघडून आधी गाल पुढे केला. साहेब लोक शिपायाला विचारायचे, "किती आहेत रे तुझ्याकडे?" आणि शिपाई म्हणायचा, "बघू, रजेचं काय झालं?"

"तुमच्याकडे किती होते?"

"नऊ."

"सातच असतात म्हणालात ना आत्ता."

"पट्टी सातपर्यंतच होती. दोन बाहेर गेले."

मी हे सांगत असताना अनसाने पानांचा दुसरा गठ्ठा सोडला.

एका दुपारी मी बाटल्या धूत होतो आणि फोन वाजला. "दादा," पलीकडून आवाज आला. सव्वीस वर्षांनी. मी आवाज लगेच ओळखला, पण म्हटलं, कोण? ती म्हणाली, "माझ्या मालनला आठवा महिना लागलाय. शेजारच्या चार घरांची वाचा गेली. गाव कुणाला आत घेत नाही."

सरकारी पथक येऊन परत गेलं होतं. त्यात चार लसवाहक होते, सगळे शिंकणारे. ढवळसरच्या लोकांनी काट्याच्या कुंपणापलीकडून एकच प्रश्न विचारला, ही माणसं कुठली? पथकाचा साहेब शहरातला. त्याने भोळेपणाने सांगितलं, हिंगणमाळची, जवळचं गाव म्हणून घेतली. झालं. पुन्हा आमच्यावर गाडा लोटता काय, म्हणत गावाने दगड उचलले. पथक गेलं. त्याच संध्याकाळी चौथ्या घराची वाचा गेली.

"मग मी काय करू?" मी अनसाला विचारलं.

"गाडा घेऊन ये," ती म्हणाली. "तेव्हा न सांगता लोटला ना? आता सांगून आण. वाजवत आण. येसाजीआबाला मी सांगते."

येसाजीआबा म्हणजे तेव्हाचे इथले सगळ्यांत म्हातारे गृहस्थ. त्या एक्केचाळिसांत त्यांचे दोन काका होते. शपथ त्यांच्या तोंडी पाठ होती.

मी हात पुसले आणि मॅडमच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. "मॅडम, मला पडसं द्या."

त्यांनी चष्मा काढला. "हांडे, ज्याच्या शरीराला मुकीची आधीच ओळख आहे त्याला हे पडसं लागतच नाही. म्हणजे नेणारा माणूस तुमच्यासारखा कोराच लागतो. शिंका तीन दिवस टिकतात. पक्कं संरक्षण दहाव्या दिवशी. मधल्या दिवसांत तुम्ही साथीच्या गावात उघडे असाल. कळतंय ना?"

"मॅडम, तीस वर्षं तुमच्या बाटल्या धुतो आहे."

"त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. पण आता तुम्हाला नाही म्हणता येणार नाही."

"मधल्या दिवसांत काही झालं असतं तर?" रेवतीच्या आवाजातली थट्टा थोडी कमी झाली होती.

"तर ही गोष्ट दुसऱ्या कुणी सांगितली असती, आणि इतकी चांगली सांगितली नसती."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली शिंक आली. मंडळी, ती शिंक. इकडे शिंकलो, तिकडे पार वाकडमधल्या खिडक्या वाजल्या. एसटी स्टँडवर पोचतो तर कंडक्टर मला पहिल्या सीटवर बसवून माझ्याकडे तोंड करून उभा. हिंगणमाळला सुताराने शाळेच्या मोडक्या बाकाच्या फळ्या काढून अर्ध्या दिवसात गाडा केला. हिरवं लुगडं माझ्या बायकोच्या लग्नातलं. हलगीवाला पुढे, मागे सगळं गाव, आणि गाड्यात मी.

"गाडा हातभर असतो, मामा. मगाशी तुम्हीच म्हणालात."

"मी तेव्हा बारीक होतो."

"आणि पाय?"

"पाय बाहेर. तू गोष्ट ऐकणार आहेस का मापं घेणार आहेस?"

आता ओट्यावर एकही माणूस मोबाइलकडे बघत नव्हता. आतून बायका येऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या. मालन परात हातात तशीच धरून थांबली. मी आवाज खाली आणला, जसा आणायला हवा तिथे.

शीव. इकडे आमची हलगी, तिकडे काट्याचं कुंपण. कुंपणापलीकडे पन्नास-साठ माणसं तोंडाला फडकी बांधून, हातात दगड. मधे ओढ्याच्या काठची ती बाभळ. हलगी थांबली. मी मोठ्याने म्हटलं, "सव्वाशे वर्षांपूर्वी निरोप दिला नव्हता. तो आज देतो. आमची चूक झाली."

एवढं बोलायला आमच्या गावाला चार पिढ्या लागल्या, हे लक्षात घ्या.

येसाजीआबा काठी टेकत पुढे आले. मग म्हणाले, "निरोप पोचला. पण रीत ती रीत. गाडा देणारा शीव ओलांडत नाही. ठेव खाली आणि फीर मागं. वळून बघू नको."

आता कसं करायचं? गाडा ठेवून उपयोग काय? लाकूड शिंकत नाही. पुढे झालो तर रीत मोडते आणि दगड येतात. मागे फिरलो तर मालन, तिच्या पोटातलं पोर आणि सगळं ढवळसर. आणि खरं सांगतो, कुंपणापलीकडे कुणाचाच आवाज नव्हता. इतकी माणसं आणि कुजबूज नाही. कोण रागाने गप्प आहे आणि कोण मुकीने, कळायला मार्ग नव्हता.

"घाबरलात?" मालन म्हणाली. दारातूनच.

"मी? मी छाती पुढे काढली आणि म्हटलं, आबा, देणारा शीव ओलांडत नाही हे कबूल. पण मी देणारा नाही. गाड्यात बसून आलोय, म्हणजे गाडा तो मीच. आता गाडा तुमचा झाला, ओटी भरा आणि आत घ्या. आणि तेवढ्यात आली. पायाच्या नखापासून आली. ती शिंक अशी आली की काट्याचं कुंपण आडवं झालं, बाभळीवरचे कावळे उडायच्या ऐवजी बसले, आणि पहिल्या रांगेतल्या बावीस माणसांना जागच्या जागी सहा-सहा मणी."

ओटा हसून लोटपोट. येसाजीआबांचा नातू तिथेच होता, तो डोळे पुसत होता. मला थांबायला पाहिजे होतं. पण गोष्ट रंगात आली की माझी जीभ माझं ऐकत नाही.

"मग मी शीव ओलांडली," मी म्हटलं. "दगड खाली पडले. सरळ अनसाच्या दारात. दार आतून बंद. ही भ्यायलेली, बिचारी, कडी लावून कोपऱ्यात बसलेली. मी म्हटलं, अनसे, उघड, दादा आलाय. खिडकी किलकिली केली तिने, मी मालनच्या तोंडावर शिंकलो आणि तिथून जो निघालो तो घरोघर, दारोदार, तीन दिवस, न खाता न..."

"खोटं," अनसा म्हणाली.

तिने फडकं खाली ठेवलं होतं. रेवती आजीकडे बघत होती.

"कडी कुणी लावली होती रं? तू शीव वलांडलीच न्हाईस, दादा. आबा म्हणाला ठेव आणि फीर, तर तू ठेवलास आणि फिरलास बी. चार पावलं गेलास. काटं बाजूला सारून मीच आले भाईर. खांद्याला धरून तुला वळवला आणि तोंडावरचा पदर काढला. म्हणलं, दादा, शिंक, फुडं घरोघर मी फिरते. तीनदा म्हणलं. तू नुसता रडत हुतास, आन् रडणाऱ्याला शिंक यीना. शेवटी येसाजीआबानं कनवटीची तपकिरीची डबी काढून तुझ्या नाकाशी धरली, तवा कुठं शिंकलास."